छप्पर आफ्रिकेतलं, पैसा जगभरातला

सोलर पॅनल जवळून पाहिलं की काचेखाली काळपट निळ्या चौकोनांच्या रांगा दिसतात. त्यातला एकेक चौकोन म्हणजे एक सेल. तळहाताहून जरा मोठा, सिलिकॉनचा आणि हातात धरला तर सहज तडकेल इतका पातळ. नेहमीच्या पॅनलमध्ये असे साठ किंवा बहात्तर सेल जोडलेले असतात आणि भर उन्हात एका सेलमधून साधारण पाच वॉट वीज निघते. एखादा लहानसा एलईडी दिवा लागेल एवढीच. सोलर बसवायचं म्हटलं की माणूस किलोवॉटचा हिशोब करतो, सरकार मेगावॉटचा. सुटा सेल विकत घ्यावा असं सहसा कोणाच्या मनात येत नाही. केपटाउनमध्ये २०१५ साली सुरू झालेल्या सन एक्स्चेंज या कंपनीने नेमका तोच विकायला काढला.

कंपनीचा संस्थापक अब्राहम केंब्रिज हा मूळचा ब्रिटिश. इंग्लंडमध्ये सोलरच्या धंद्यात काम करून तो दक्षिण आफ्रिकेत आला, तेव्हा त्याला एक विसंगती दिसली. ऊन इंग्लंडच्या जवळपास दुप्पट, वीज वारंवार जाते, पॅनल स्वस्त झालेली, तरीही शाळांची आणि छोट्या कारखान्यांची छपरं रिकामीच. एखाद्या शाळेला पन्नास-साठ किलोवॉटचं सोलर हवं असलं तर तेवढी रक्कम तिच्याकडे नसते, आणि इतक्या लहान कामात मोठ्या गुंतवणूकदाराला रस नसतो. वकील, सल्लागार, तपासणी यांचा खर्च लहान प्रकल्पालाही जवळपास मोठ्याएवढाच येतो.

तोडगा असा निघाला. शाळेच्या छपरावर प्रकल्प आखायचा, त्यातले सगळे सेल इंटरनेटवर विक्रीला ठेवायचे, पाच-दहा डॉलर खर्चून जगातल्या कोणालाही एक सेल घेता यावा अशी किंमत ठेवायची. सगळे सेल विकले गेले की पॅनल बसतात. शाळा वापरलेल्या विजेचे पैसे युनिटमागे देते, आणि विमा, देखभाल व कंपनीचं कमिशन वजा जाता उरलेली रक्कम सेलच्या मालकांना भाडं म्हणून दर महिन्याला मिळते. करार वीस वर्षांचा. भाडं दक्षिण आफ्रिकी रँडमध्ये घ्यायचं की बिटकॉइनमध्ये, हे मालकाने ठरवायचं. पुढच्या काही वर्षांत शाळा, शेतमालाची गोदामं, छोटे उद्योग असे बरेच प्रकल्प याच पद्धतीने उभे राहिले. त्यात अनाथ हत्ती सांभाळणारं नायस्ना एलिफंट पार्कही होतं. सेल विकत घेणारे लोक दीडशेहून अधिक देशांतले आहेत, असं कंपनी सांगत असे. जोहान्सबर्गमधल्या एका शाळेचे पंखे आणि दिवे ज्या सेलवर चालतात, त्याचा मालक कॅनडात किंवा कोरियात बसलेला असू शकत होता.

ही कल्पना नुसती चमकदार म्हणून सोडून देण्यासारखी नाही. ती ज्या दुखण्यावर बोट ठेवते, ते खरं आणि जुनं आहे.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या २०२२ च्या आफ्रिकाविषयक अहवालात दोन आकडे शेजारी शेजारी आहेत. जगातल्या उत्तम सौर क्षेत्रांपैकी सुमारे ६० टक्के आफ्रिकेत आहेत, आणि जगात बसवलेल्या सौर क्षमतेतला आफ्रिकेचा वाटा जेमतेम १ टक्का आहे. या खंडात सुमारे साठ कोटी माणसांच्या घरी वीज नाही. पॅनलच्या किमती २०१० नंतरच्या दशकात ९० टक्क्यांच्या आसपास उतरल्या, तरी ही दरी बुजली नाही, कारण सोलरचा खर्च कोळशाच्या विजेसारखा नसतो. कोळशाच्या केंद्रात इंधनावर रोज खर्च होत राहतो. सोलरमध्ये जवळजवळ सगळा पैसा पहिल्याच दिवशी लागतो आणि ऊन पुढे पंचवीस वर्षं फुकट मिळतं. म्हणजे पहिल्या दिवसाचा पैसा किती व्याजाने आणला, यावर युनिटचा दर बराचसा ठरतो. आणि विकसनशील देशांत ऊर्जा प्रकल्पांसाठी लागणारं भांडवल श्रीमंत देशांच्या तुलनेत दुप्पट-तिप्पट महाग पडतं. तेच पॅनल जर्मनीतल्या फिकट उन्हात परवडतं आणि झांबियाच्या रणरणत्या उन्हात परवडत नाही, ते याच कारणाने.

हे महागडं भांडवल स्वस्त करायला बिटकॉइनच्या मुळाशी असलेल्या ब्लॉकचेन या तंत्राचा उपयोग होईल का, हा या लेखातला खरा प्रश्न.

ब्लॉकचेनचा गाभा समजून घ्यायला भिशीची वही डोळ्यांपुढे आणावी. नेहमीच्या भिशीत वही एकाच बाईकडे असते आणि बाकीच्या तिच्यावर विश्वास ठेवतात. आता कल्पना करावी की प्रत्येकीकडे तीच वही आहे, नवी नोंद सगळ्यांच्या वह्यांत एकदमच होते आणि प्रत्येक पानावर आधीच्या पानाच्या मजकुरावरून काढलेला एक आकडा लिहिलेला असतो. मागचं एक अक्षर कोणी बदललं की पुढच्या सगळ्या पानांचे आकडे चुकतात आणि लबाडी उघडी पडते. बिटकॉइनचा मूळ आराखडा ऑक्टोबर २००८ मध्ये प्रसिद्ध झाला तो हीच वही हजारो संगणकांवर ठेवण्याचा. पुढे इथेरियमसारख्या जाळ्यांत नोंदीबरोबर अटीही लिहिता येऊ लागल्या: मीटरने इतकी युनिटं दाखवली की या मालकाच्या खात्यात इतकी रक्कम आपोआप जमा व्हावी. याला स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणतात.

याची गरज कुठे पडते, ते एका सेलच्या हिशोबावरून कळतं. दक्षिण आफ्रिकेत एक किलोवॉट सोलर वर्षाला साधारण १६०० ते १७०० युनिट वीज देतं. म्हणजे पाच वॉटच्या सेलची वर्षाची कमाई आठ युनिटांच्या आसपास. शाळा युनिटमागे सव्वा रँड देते असं धरलं, तर सेलला वर्षाला मिळाले दहा रँड. महिन्याला एक रँडही नाही. आपल्या पैशात जेमतेम चार रुपये. ही रक्कम दर महिन्याला केपटाउनहून क्योटोला बँकेमार्फत पाठवायची म्हटली तर पाठवण्याचा खर्चच कितीतरी पट होईल. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या देशांत पैसे पाठवणं जगात सर्वांत महाग आहे, हे जागतिक बँक वर्षानुवर्षं आकड्यांनिशी सांगते आहे. म्हणून हजारो मालक, प्रत्येकाचे मूठभर सेल, दर महिन्याला पैशांची वाटणी आणि मधे अनेक देशांच्या सीमा, अशा हिशोबासाठी डिजिटल वही आणि डिजिटल चलन ही सोयीची गोष्ट आहे. इथे या तंत्रज्ञानाला श्रेय द्यायलाच हवं. जगातल्या कुठल्याही पाच डॉलरवाल्या माणसाला वीस वर्षांच्या मालमत्तेत वाटा मिळावा, असं दार त्याने उघडलं.

अर्थात या दाराला उंबरठाही आहे. डिसेंबर २०१७ मध्ये बिटकॉइनचा एक व्यवहार नोंदवण्याचं सरासरी शुल्क पन्नास डॉलरच्या वर गेलं होतं. चार रुपयांच्या भाड्यासाठी चार हजार रुपयांची नोंदणी कोण करेल? त्यामुळे असे चिल्लर व्यवहार प्रत्यक्षात कंपनीच्या स्वतःच्या हिशोबात साठवून ठेवावे लागतात आणि रक्कम पुरेशी झाली की मगच बाहेर पाठवावी लागते. मधला विश्वासू माणूस नको म्हणून निघालेल्या व्यवस्थेत तो असा परत येतो. शिवाय विजेचाही प्रश्न होता. बिटकॉइनचं जाळं वर्षाला शंभर अब्ज युनिटांहून जास्त वीज खातं, असा केंब्रिज विद्यापीठाचा अंदाज आहे. स्वच्छ ऊर्जेचा हिशोब अशा वहीत ठेवणं शोभणारं नव्हतं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने नोंदी पक्क्या करण्याची पद्धत बदलली आणि त्याचा वीजवापर ९९ टक्क्यांहून जास्त घटला. तेव्हापासून निदान इथेरियमपुरता तो आक्षेप बराचसा मिटला.

वहीच्या बाहेर जे घडतं, त्यावर मात्र तिचा इलाज चालत नाही.

पहिली अडचण मीटरची. वहीत लिहिलेलं बदलता येत नाही, पण चुकीचं लिहिलं गेलं तर तेही बदलता येत नाही. मीटर बिघडला किंवा कोणी त्यात हात घातला, तर खोटा आकडाच कायमचा पक्का होतो. दुसरी अडचण मालकीची. लोखंडी सांगाड्यावर बोल्टने आवळलेला सेल क्योटोच्या माणसाचा आहे, असं वही म्हणते. पण शाळा बंद पडली, इमारत विकली गेली किंवा नव्या मालकाने पॅनल उतरवली, तर निकाल त्या देशाच्या न्यायालयात लागतो. दक्षिण आफ्रिकेत चालणाऱ्या रोमन-डच कायद्याचं जुनं तत्त्व असं की जमिनीला कायमची जोडलेली वस्तू जमिनीच्या मालकाची होते. म्हणून इमारतीच्या मालकाशी स्वतंत्र, काटेकोर लेखी करार करावा लागतो, आणि तो कागदावरच असतो.

तिसरी अडचण तंत्राची आहे, आणि ती बाहेरून पाहणाऱ्याच्या लक्षात सहसा येत नाही. बॅटरी नसलेली सोलर यंत्रणा ग्रिडची वीज गेली की आपोआप बंद होते. तारांवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसू नये म्हणून ही सोय मुद्दाम केलेली असते. म्हणजे डोक्यावर लख्ख ऊन असलं तरी लोडशेडिंगच्या वेळात छपरावरचे सेल निकामी. दक्षिण आफ्रिकेच्या एस्कॉम या सरकारी वीजकंपनीने २०२३ मध्ये वर्षातले तीनशेहून अधिक दिवस कधी ना कधी वीज तोडली. भारनियमनाला पर्याय म्हणून बसवलेलं सोलर भारनियमनातच थांबत होतं, शाळेत अंधार आणि सेलमालकाचं भाडंही बुडालं. बॅटरी लावली तर प्रश्न सुटतो, पण खर्च वाढतो आणि भाड्याचं गणित नव्याने मांडावं लागतं. शाळांचं आणखी एक दुखणं म्हणजे शनिवार, रविवार आणि सुट्ट्या. तेव्हाही वीज तयार होतच असते, पण नगरपालिकेने ती विकत घेतली नाही तर तिची किंमत शून्य.

आणि सर्वांत मोठी अडचण चलनाची. २०१५ च्या सुरुवातीला एका डॉलरला साडेअकरा-बारा रँड पडत होते, २०२३ च्या मध्यावर अठरा-एकोणीस. दहा रँड भाड्याचे २०१५ मध्ये ८५ सेंट झाले असते, त्याच दहाचे आठ वर्षांनी ५५ सेंटही होत नव्हते. विजेचे दर चढत जातात आणि त्यांच्याबरोबर भाडंही वाढतं, त्यामुळे घसरण थोडी भरून निघते. २०२३-२४ साठी तिथल्या नियामकाने एस्कॉमला १८.६५ टक्के दरवाढ दिली होती. पण ती भरपाई शाळेच्या खिशातून येते. ज्याने भाडं बिटकॉइनमध्ये घेऊन साठवलं, त्याची कथा आणखी वेगळी. डिसेंबर २०१७ मध्ये वीस हजार डॉलरला टेकलेलं ते नाणं वर्षभरात साडेतीन हजारांच्याही खाली आलं. उन्हातून मिळणारी कमाई स्थिर असते, हेच सोलरचं बळ. ती अशा नाण्यात बदलून ठेवली की स्थैर्यच हातचं जातं. क्रिप्टो विकणाऱ्यांनी सोलरची शांत प्रतिमा आपल्या मालाला चिकटवली, हे सांगताना आडपडदा ठेवण्याचं कारण नाही.

झिंबाब्वेतलं निंबे फ्रेश हे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखं आहे. मारोंडेराजवळची ही कंपनी ब्लूबेरी, मटार असा ताजा माल परदेशी पाठवते. माल तोडल्यापासून विमानात चढेपर्यंत थंड राहिला तरच त्याला भाव. २०१९ मध्ये करिबा या वीजनिर्मितीच्या धरणाचं पाणी खाली गेलं आणि देशात दिवसाला अठरा-अठरा तास वीज जाऊ लागली. शीतगृह डिझेल जनरेटरवर चालवायचं म्हणजे नफा धुराड्यातून सोडून द्यायचा. सन एक्स्चेंजने तिथे सुमारे १.९ मेगावॉटचा, बॅटरीसह, टप्प्याटप्प्याने उभारायचा प्रकल्प आखला आणि जगभरातल्या छोट्या गुंतवणूकदारांनी पहिल्या टप्प्याचे पैसे भरले. निवड विचारपूर्वक होती. ग्राहक निर्यातदार, म्हणजे त्याची कमाई डॉलर-पौंडांत, आणि वीज ही त्याची जीवनावश्यक गरज. पण निर्यातदाराने कमावलेल्या परकीय चलनातला ठरावीक हिस्सा मध्यवर्ती बँकेकडे सक्तीने जमा करावा, असा नियम झिंबाब्वेत होता. देशाच्या तिजोरीत डॉलर नसतील तर कोणतीही वही ते बाहेर काढू शकत नाही.

सेल विकणाऱ्यांनी निदान खरी वस्तू विकली. याच काळात अनेकांनी नुसती डिजिटल नाणी वाटली किंवा विकली. सौरवीज तयार करणाऱ्याला दर मेगावॉट-तासाला एक नाणं देणारं सोलरकॉइन २०१४ मध्ये आलं. नाणं मिळत होतं, पण ते कशाच्या बदल्यात वटवायचं याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. २०१८ च्या जानेवारीतली तेजी ओसरली आणि भाव कोसळला. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या पॉवर लेजरने २०१७ मध्ये टोकन, म्हणजे अशीच डिजिटल नाणी, विकून ३.४ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर जमवले, लिथुआनियाच्या वीपॉवरने २०१८ च्या सुरुवातीला ४ कोटी अमेरिकी डॉलर. ज्यांनी ही टोकनं घेतली त्यांना ना पॅनल मिळालं, ना कंपनीचा शेअर. आपण सोलरमध्ये गुंतवणूक केली असं त्यातल्या कित्येकांना मनापासून वाटत होतं.

आता प्रत्यक्षात पॅनल कशामुळे बसली ते पाहू. एस्कॉमच्याच आकडेवारीनुसार दक्षिण आफ्रिकेतली खाजगी छपरांवरची सौर क्षमता मार्च २०२२ मध्ये ९८३ मेगावॉट होती, ती जून २०२३ मध्ये ४४१२ मेगावॉट झाली. सव्वा वर्षात चौपटीहून जास्त. आधी सरकारने खाजगी वीजनिर्मितीवरची परवान्याची मर्यादा एक मेगावॉटवरून शंभरवर नेली, मग ती काढूनच टाकली. मार्च २०२३ पासून कंपन्यांना सोलरच्या खर्चावर पहिल्याच वर्षी १२५ टक्के वजावट मिळाली, घरमालकांना पॅनलच्या किमतीच्या पाव हिश्श्याची, पण १५ हजार रँडपर्यंतच, करसवलत. आणि वर लोडशेडिंगचा जाच. पैसा आला तो मुख्यतः लोकांच्या बचतीतून आणि तिथल्याच बँकांतून, रँडमध्ये. पाकिस्तानात तर २०२४ या एका वर्षात सुमारे १७ हजार मेगावॉटची पॅनल आयात झाली, ती महागड्या ग्रिडला कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी, कारखानदारांनी आणि घरमालकांनी घेतली.

केनियात हाच प्रश्न दुसऱ्या टोकाने सुटला. २००७ मध्ये तिथे एम-पेसा ही मोबाइलवरून पैसे देण्याची सोय आली आणि पाच वर्षांनी एम-कोपा कंपनीने तिच्यावर आपला धंदा उभारला. आठ वॉटचं छोटं पॅनल, दिवे, मोबाइल चार्जर, रेडिओ. सुरुवातीला २९९९ शिलिंग भरायचे, मग वर्षभर रोज ५०. रॉकेलवर जवळपास तेवढाच खर्च होत असे. डब्यात सिमकार्ड असे. हप्ता चुकला की यंत्र बंद, पैसे भरले की पुन्हा सुरू. यात ब्लॉकचेन कुठेही नाही. बांगलादेशात २०१५ मध्ये शरीयतपूर जिल्ह्यात सोलशेअरने शेजाऱ्यांना आपापली शिल्लक सौरवीज एकमेकांना विकता येईल असं जाळं बांधलं, तेही मोबाइल पैशांवर. गरीब ग्राहकाकडून चिल्लर गोळा करण्याचं काम मोबाइलने आधीच करून ठेवलं होतं.

भारतात सोलरमध्ये ब्लॉकचेन आली ती गुंतवणुकीच्या मार्गाने नव्हे, शेजाऱ्याला वीज विकण्याच्या मार्गाने. पॉवर लेजरनेच लखनौमध्ये इंडिया स्मार्ट ग्रिड फोरमबरोबर प्रयोग केला: ज्याच्या छपरावर जास्तीची वीज तयार होते त्याने दर सांगायचा, दुसऱ्याने घ्यायची, नोंद ब्लॉकचेनवर. उत्तर प्रदेशच्या वीज नियामक आयोगाने अशा खरेदी-विक्रीसाठी पुढे नियमही केले. सेलची भाडी बिटकॉइनमध्ये घेण्याचा विचार इथल्या माणसाने केला तर मात्र एप्रिल २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे आणि एका व्यवहारातला तोटा दुसऱ्यातल्या नफ्यातून वजा करता येत नाही. कागदावर दिसणाऱ्या परताव्यातून कमिशन, विमा, रँडची घसरण आणि हा कर, एवढं वजा करून काय उरतं, हे सेल घेण्याआधीच मांडून पाहावं.

या सगळ्या प्रयोगांतून एक गोष्ट हाती लागते, ती अशी की महाग भांडवलाचं मूळ जोखमीत आहे, आणि त्या जोखमीतला मोठा भाग चलनाचा आहे. तो कोणीतरी उचलल्याशिवाय दर उतरत नाही. त्यासाठी वेगळी माणसं बरीच वर्षं काम करताहेत. अनेक देशांच्या विकास बँकांनी मिळून २००७ मध्ये ॲमस्टरडॅमला टीसीएक्स हा निधी स्थापन केला. ज्या चलनांना बाजारात कोणी हमी देत नाही, त्यांच्या घसरणीची जोखीम तो स्वतःवर घेतो आणि त्यामुळे केनियाच्या किंवा घानाच्या उद्योगाला कर्ज त्याच्याच चलनात फेडता येतं. ही हमी स्वस्त नसते. मोठ्या सावकारांना ती मिळते, पाच डॉलरच्या सेलमालकापर्यंत ती पोचलेली नाही. हजारो सेलमालकांची गुंतवणूक एकत्र बांधून तिच्यासाठी अशी हमी घेता आली, आणि वाटणी ब्लॉकचेनच्या वहीने केली, तर ज्या शाळांकडे आणि दवाखान्यांकडे स्वतःची बचत नाही, करसवलत घेण्याइतका नफा नाही आणि बँकेत पत नाही, त्यांच्या छपरांपर्यंत हा पैसा पोचेल. दक्षिण आफ्रिकेतल्या २०२३ च्या लाटेत पैसेवाल्यांची घरं उजळली. त्या करसवलतींचा उपयोग कर भरणाऱ्यांनाच होता, आणि खेड्यातली सरकारी शाळा त्यात कुठेच बसत नव्हती.